अळंबीवरचा विस्तव

ती वेडी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत तिचा विषय निघाला की लोक तिथूनच सुरुवात करायचे. कानाशी बोट फिरवायचे, हसायचे, आणि मग पुढचं सांगायचे. पहिल्या महिन्यात मीही हसले आहे. त्या हसण्याचा मला आजही राग येतो, आणि माझ्याकडे जमलेल्या रागांतला तो सगळ्यात लहान आहे.

सोलापुरात मी शिकवायला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. मोठा दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली होती. एका नव्या इंग्रजी शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांकडून मी स्पेलिंगं घोकून घेत असे. माझं स्वतःचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, तेही वडिलांच्या बदल्यांमागे फिरत चार गावांत. मराठी घरापुरती. एकूणच मी कमी बोलायचे. चार गावांत चार वेळा नवी मुलगी व्हावं लागलं की माणूस आधी बघायला शिकतो, बोलायचं राहून जातं.

खोली मिळाली ती तिच्या घरात, माडीवर. जिना बाहेरून होता. ती तेव्हा साठीच्या आसपास असेल. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगावर इरकली लुगडं, गळ्यात लिंग, आणि कमरेला खोचलेली तपकिरीची एक जुनी गोल डबी. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे घरात कानडी, दारात मराठी, आणि रागावली की दोन्ही. सगळे तिला अव्वा म्हणत, म्हणजे आई. पाठीमागे म्हणत चकमकअव्वा.

खोली दाखवताना तिने माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. "काडीपेटी वापरतीस?" एवढंच विचारलं. माझ्याकडे वातीचा स्टोव्ह होता. मी हो म्हटलं.

"वर वापर. खाली आनू नगंस."

त्या घराच्या उंबऱ्याच्या आत काडेपेटी कधी गेलेली नव्हती. अव्वा रोजची चूल चकमकीने पेटवायची. गिरणीचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत जाळ झाला पाहिजे, असा तिचा स्वतःशीच नेम होता. डाव्या हातात गारगोटी. गारगोटीच्या कडेवर अंगठ्याने दाबून धरलेला, रुपयाएवढा एक तपकिरी मऊ तुकडा. उजव्या हातात लोहाराकडून वाकवून आणलेली जुनी कानस. ती कानस गारगोटीवर खाली घासत मारायची, दोनदा, तीनदा, आणि त्या तुकड्यावर मोहरीएवढा लाल ठिपका दिसायचा. ज्वाळा नाही, धूरही जेमतेम. ठिपका विझत नसे, पळतही नसे. आपला हळूहळू पसरत राहायचा. मग ती तो तुकडा काथ्याच्या घरट्यात ठेवायची, वर गोवरीचा भुगा टाकायची, घरटं ओंजळीत तोंडासमोर धरून लांब बारीक फुंकर घालायची. आधी पिवळट धूर यायचा आणि मग एकदम जाळ. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख त्यामुळे कायमचं करपट झालेलं होतं.

तो तपकिरी तुकडा म्हणजे अळंबी. पावसाळ्यात उकिरड्यावर येते ती पांढरी छत्री नव्हे. ही म्हाताऱ्या झाडांच्या खोडाला येते, घोड्याच्या टापेसारखी दिसते आणि लाकडाइतकी कठीण असते. ती ठिणगी धरते हे तिला तिच्या बापाने शिकवलं होतं. तो शेळ्या राखायचा.

शेजारचे विणकर बिडी शिलगवायला मुद्दाम तिच्याकडे यायचे. खिशात काडेपेटी असायची, पण मजा बघायची असायची. ती त्यांना उंबऱ्याबाहेर बसवून ठेवायची. एखाद्याने घाई केली की म्हणायची, "दम धर की. विस्तव काय तुझ्या बापाचा गडी हाय?" काडीबद्दल तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. काडीला डोकं असतंय, म्हनून ओढनाऱ्याला नसलं तरी चालतंय. लोक हे वाक्य पुन्हा पुन्हा तिच्याकडून वदवून घ्यायचे आणि प्रत्येक वेळी हसायचे.

एकदा समोरच्या घरातला एक जण बायकोशी भांडून, अंगातला सदरा अर्धवट घालून तिच्या दारात आला आणि बिडीला विस्तव मागू लागला. अव्वाने डबी काढली, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि डबी परत कमरेला खोचली.

"रागात हायस. रागाच्या हाताला विस्तव देत न्हाय मी."

तो म्हणाला, अव्वा, बिडी तर ओढायची आहे. ती म्हणाली, मग हितंच चकमक घे आन् मार. त्याने मारली. हात थरथरत होता, ठिणगी भलतीकडे उडत होती. गारगोटीवर बोटं सोलून घेऊन तो शिव्या देत गेला. अव्वा मला म्हणाली, बग, न्हाय पेटत. काडी पेटली असती. काडीला कळत न्हाय कोन ओढतंय.

यावर गल्ली महिनाभर हसली. मीही माडीवरून ऐकून हसले होते, हे वर सांगितलंच.

त्या फाल्गुनात ती मला अळंबी काढायला घेऊन गेली. मला रविवारची सुट्टी होती आणि तिला फांदीपर्यंत चढायला आता जमत नव्हतं. बसने मंद्रूपला गेलो आणि तिथून रानात चालत. बांधावर चिंचेची जुनी झाडं होती, दुष्काळात अर्धी वाळलेली, अर्धी तगलेली. ती झाडाभोवती फिरायची, खोडावर विळ्याच्या मुठीने टकटक करायची. तिचा नियम असा की मेलेल्या झाडावरची अळंबी घ्यायची नाही, ती भुसा होते. जगत्या झाडाच्या मेल्या अंगावरची घ्यायची. खालच्या कडेला नख रुतलं तर उपयोगाची. नाही रुतलं तर ती म्हातारी झाली, झाडावरच राहू द्यायची.

घरी आल्यावर चार दिवस काम चाललं. अळंबी पाण्यात भिजत घातली. पाठीवरचं राखाडी कवच विळीवर सोलून काढलं, पोटाकडचा बारीक भोकांचा थर खरवडून टाकला. मधे उरतो तो बुचासारखा तांबूस थर, त्याचे पातळ काप केले. मग बाभळीच्या राखेचं पाणी गाळून त्यात ते काप दिवसभर उकळले. त्या उकळीचा वास ओल्या चामड्याचा येत होता. मग अंगणातल्या दगडावर एकेक काप लाकडी मोगरीने ठोकायचा, वळवायचा, ओढायचा, पुन्हा ठोकायचा. ठोकता ठोकता तो रुंद होत जातो आणि शेवटी हातात हरणाच्या कातड्यासारखा मऊ लागतो. माझ्या तळहातांना फोड आले. अव्वा एका शब्दाने थांब म्हणाली नाही.

उकळायची चूल ती गेल्या वर्षीच्या अळंबीच्या शेवटच्या तुकड्याने पेटवायची. तेवढा एक तुकडा वर्षभर राखून ठेवलेला असायचा, विरजण राखावं तसा. मी विचारलं, हरवला तर? ती म्हणाली, हरवायचा न्हाय.

काप माडीवर दोरीला वाळत घातले आणि तिसऱ्या दिवशी घरी मठातले जंगम स्वामी आले. शेजारच्या काकूंनी दोरीवर तपकिरी पट्ट्या लोंबताना पाहिल्या होत्या आणि लिंगायताच्या घरात मटण वाळवत घातलंय अशी बातमी मठात पोचवली होती. जंगम बिचारे ओट्यावर अवघडून उभे. अव्वाने त्यांना हात जोडले, आत बसवलं, दोरीवरचा एक काप आणून त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाली, स्वामी, चावून बघा. त्यांनी चावला. तोंड वाकडं केलं. मग तिने त्यांच्यासमोर त्याच कापाची कड तोडून ठिणगी पाडली, जाळ केला, त्यावर दूध तापवलं आणि त्यांना प्यायला दिलं. सगळं झाल्यावर बाहेर येऊन काकूंच्या खिडकीकडे बघत कानडीत जे काही बोलली ते मला कोणी मराठीत सांगायला तयार झालं नाही.

चकमक मी त्याच उन्हाळ्यात शिकले. पहिला आठवडा नुसती बोटं सोलली. अव्वा शेजारी बसून ज्वारी निवडायची, माझ्याकडे बघायचीही नाही. नवव्या की दहाव्या दिवशी ठिपका लाल झाला. मी श्वास रोखून बसले होते. ती न बघता म्हणाली, "तुला घाई न्हाय. म्हनून तुला आली." माझ्या गप्प राहण्याचं कोणी कौतुक केल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही. म्हणून ते वाक्य मी जपून ठेवलं. पुढे त्याच गप्प राहण्याने काय केलं ते सांगायचं आहे.

अव्वाला एकच मुलगी, महादेवी. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. लग्न होऊन अक्कलकोटच्या अलीकडच्या एका गावात दिलेली. तिकडे चूल ती चकमकीनेच पेटवायची, आईने दिलेल्या डबीतल्या अळंबीने. काडी तिला येत नव्हती. न येणं विचित्र वाटेल, पण ज्या घरात काडेपेटीच नाही त्या घरात ती शिकणार कुठून? काडी ओढल्याचा आवाज झाला तरी ती डोळे मिटून घ्यायची. मी माडीवर स्टोव्ह पेटवायला लागले की जिन्यात थांबायची आणि विचारायची, "झालं का, अक्का?" झालं म्हटलं की वर यायची. अक्का म्हणजे मोठी बहीण. मला ती हाक आवडायची.

दसऱ्याला ती माहेरी आली तेव्हा वाळली होती. एका दुपारी अव्वा बाजारात गेलेली असताना वर आली आणि दार लोटून घेतलं.

"अक्का, मला काडी शिकव की. अव्वाला सांगू नगंस."

तिकडे सासू तिला जंगली म्हणायची. चकमकीचं भूत घेऊन आली म्हणायची. घरात नवा पंपाचा स्टोव्ह आणला होता, त्याला हिला हात लावू देत नसत आणि हात लावत नाही म्हणून टोमणेही देत. हे सगळं तिने मला सांगितलं, दुसऱ्याच कोणाचं सांगावं तसं.

मी काडेपेटी दिली. काडी कशी धरायची ते दाखवलं. पहिली काडी तिने इतकी दाबली की मोडली. दुसरी अंगाकडे ओढली, ती नुसती खरखरली. तिसरीचं डोकं फुसफुसलं, आणि जाळ धरायच्या आत तिने ती खिडकीबाहेर भिरकावली आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. मग आम्ही दोघी हसलो. तिने हात पदराला पुसले, खरकटं लागलं असावं तसे.

"नगं बाई. माझं आपलं हेच बरं," ती म्हणाली आणि कमरेची डबी चापटली.

जाताना अव्वाने तिला नव्या कापांची एक थप्पी दिली. अव्वाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी सांगितलं नाही. मी शब्दाची पक्की होते.

संक्रांत झाली आणि महादेवीच्या सासरहून निरोप आला. स्टोव्हचा भडका उडाला. अव्वा पोचली तेव्हा पुरायची घाई चाललेली होती. तिला तोंड बघू दिलं, हात बघू दिले नाहीत. परत आली ती महादेवीची ट्रंक घेऊन. ओट्यावर ट्रंक ठेवली आणि माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाली, "आमच्यात मेलेल्यालासुदिक विस्तव दावत न्हाईत. त्यांनी जितीला लावला."

सासरच्यांनी सांगितलं ते असं. घरात कोणी नव्हतं. सुनेने चहासाठी स्टोव्ह पेटवला, काडी ओढली, पदर पेटला. गावात, गल्लीत, सगळ्यांनी ते ऐकून मान हलवली. असं होतं, म्हणाले. स्टोव्ह वाईट. मला त्या माना अजून दिसतात.

अव्वाने ट्रंकेतून डबी काढली. दसऱ्याला दिलेली थप्पी निम्म्यावर आली होती. म्हणजे त्या घरात गेल्यावरही पोर रोज चकमकीनेच विस्तव करत होती. अव्वाच्या डोक्यात हिशेब स्वच्छ होता. माझी लेक काडी ओढत नाही. तिला येत नाही. तिने काडी ओढली नाही, तर ती कोणी ओढली? डबी घेऊन ती तपासाच्या फौजदाराकडे गेली. मी बरोबर नव्हते, पण तिने नंतर मला शब्दन् शब्द सांगितलं. फौजदार हसले. म्हणाले, चार वर्षांचं पोर काडी ओढतंय, म्हातारे. काडी न येणारी बाई मी तरी बघितली न्हाय. घरचं सोडून दुसरं कोण सांगणार आहे हे?

तिने माझं नाव सांगितलं. म्हणाली, माडीवर मास्तरीनबाई हाय. शिकलेली हाय. खोटं बोलत न्हाय.

माझा जबाब घ्यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत अव्वाची चूल मी पेटवत होते. तिच्या हातून ठिणगी पडत नव्हती. पहिल्या सकाळी भोंगा होऊन गेला तरी खालून कानशीचा आवाज येत होता आणि धुराचा वास येत नव्हता. मी खाली गेले. काडेपेटी आणू का, असं विचारायची चूक मी केली. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग गारगोटी माझ्याकडे सरकवली. दुसऱ्या ठोक्याला ठिपका लाल झाला. ती भिंतीला टेकून बघत होती. "मास्तरीनबाई, तूच सांग त्यांना," म्हणाली. "तू सांगशील."

मी वडिलांना पत्र लिहून कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, नेहमीसारखं इंग्रजीत, चार ओळींचं. जावं लागेल तर जा. विचारतील तेवढ्याचंच उत्तर दे. स्वतःहून काही बोलू नकोस. त्यांना काळजी वाटत होती, आणि त्यांच्यावर मला रागावता येत नाही, याचाही राग येतो. नाहीतरी त्यांनी नवीन काही सांगितलं नव्हतं. शाळेत आम्हाला हेच शिकवलं होतं. प्रश्न नीट वाच, विचारलंय तेवढंच लिही, जास्त लिहिलं तर गुण कापले जातील. माझे कधी कापले गेले नाहीत.

चौकीत बाकावर महादेवीचा सासरा बसला होता. हातात चहाची कपबशी. अव्वाला बाहेर पायरीवर बसवलं. फौजदार माझ्याशी सभ्यपणे वागले, बसा म्हणाले, पंखा माझ्याकडे वळवला. शेजारी हवालदार लिहून घेत होता. किती दिवस राहता, मयत मुलीला ओळखत होता का, असं दोन-तीन झालं. मग त्यांनी विचारलं,

"तिला काडी ओढताना कधी बघितलंय तुम्ही?"

मी विचार केला. खरंच विचार केला, परीक्षेत करतात तसा. कधी म्हणजे एकदा तरी. बघितलं होतं.

"होय. एकदा."

"कुठं?"

"माझ्या खोलीत."

"काडीपेटी कुणाची?"

"माझी."

"बास," ते म्हणाले.

मी थांबले. पुढचा प्रश्न येईल असं मला वाटत होतं. काडी पेटली का, असं कोणीही विचारलं असतं. कोणी विचारलं नाही. सासऱ्याने कप बशीत ठेवला, तो आवाज मला ऐकू आला. हवालदाराने वाचून दाखवलं. मयत ही काडेपेटी हाताळत असताना मी समक्ष पाहिले आहे. वाक्यात चूक नव्हती. मी चुका शोधणारी बाई आहे, रोज चाळीस वह्या तपासते, आणि त्या वाक्यात मला लाल खूण करायला जागा सापडली नाही. मी सही केली. इंग्रजीत, वळणदार.

घरी आल्यावर अव्वा थेट आत गेली. चुलीपाशी बसली, मला समोर बसवलं आणि विचारलं, काय इचारलं त्यांनी. मी सांगितलं. मी काय सांगितलं तेही सांगितलं, दसऱ्याच्या दुपारचं सगळं सांगितलं, मोडलेल्या काडीपासून खिडकीबाहेर फेकलेल्या काडीपर्यंत. ती ऐकत राहिली. मधे एकदा तिचं तोंड हललं. पोरगी माझ्यापासून लपून काडी शिकायला गेली होती, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं.

"पेटली का?" तिने विचारलं.

"नाही."

"तिन्नीतली एकबी?"

"एकही नाही."

"मग हे सांगितलंस का त्यांना?"

"विचारलं नाही त्यांनी."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. शेजारच्या काकूंवर ओरडली होती तशी, दोन भाषांत.

"इचारलं न्हाय," ती म्हणाली. मग माझ्याजवळची गारगोटी आणि कानस उचलली. "माझी चूल मी पेटवीन उद्यापास्नं."

दुसऱ्या सकाळी मी माडीवर अंथरुणात बसून ऐकत होते. कानशीचे ठोके. थांबणं. पुन्हा ठोके. भोंगा झाला. मुलं शाळेला निघाली. ठोके चालूच होते. त्या दिवशी धूर आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ती दोन दिवस पाण्यात कालवलेलं पीठ खाऊन राहिली, माझ्याकडून एक काडी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आल्यावर धुराचा वास आला. मी भिंतीला डोकं टेकून रडले. त्याने कोणाचं काही भलं झालं नाही.

मी चौकीत परत गेले. दोन पानं लिहून नेली होती, मराठीत, जमेल तशी. फौजदारांनी वरवर चाळली. कागद वर गेले, म्हणाले. आणि बाई, सही तुमचीच आहे ना? आधी एक, आता एक, असं करून कसं चालेल. तुम्ही शिक्षिका. ती दोन पानं त्यांनी घडी घालून मला परत दिली. मी आणखी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी ते जागेवर नव्हते. तिसऱ्या वेळी त्यांची बदली झालेली होती, आणि नव्या माणसाला हे प्रकरण कोणतं तेच माहीत नव्हतं. महादेवीच्या नवऱ्याचं पुढच्या वैशाखात दुसरं लग्न झालं. पत्रिका गल्लीतही आली. काकूंकडे.

अव्वाने मला खोली सोडायला सांगितलं नाही. पाणी कधी येणार, जिन्याला कुलूप लाव, एवढंच बोलायची. त्या फाल्गुनात ती एकटीच मंद्रूपला गेली आणि एकटीने अळंबी ठोकली. मी खाली गेले तर मोगरी न थांबवता म्हणायची, वर जा. त्या वर्षी काप कमी निघाले. पण चूल रोज भोंग्याच्या आत पेटायला लागली. गल्ली म्हणायची, एवढं झालं तरी म्हातारीचं वेड गेलं नाही. मी एकदा, एकदाच, काकूंना म्हणाले की वेड तिला नाही. त्या इतक्या दचकल्या की मला बोलता येतं हेच त्यांना नवीन असावं.

वर्ष संपल्यावर मी नोकरी सोडली. निघायच्या दिवशी ट्रंक खाली उतरवली आणि तिच्या उंबऱ्यापाशी गेले. ती कापांवरची धूळ झटकत होती. मी म्हटलं, अव्वा, एक तुकडा देता का? बरोबर न्यायला.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. बिडीवाल्याकडे पाहिलं होतं तसं.

"राग हाय अजून?"

"आहे."

"कुनावर?"

मी मनात मोजत गेले. फौजदारावर, सासऱ्यावर, त्या माना हलवणाऱ्यांवर, आणि सही करणाऱ्या हातावर. मी म्हटलं, सगळ्यांवर. माझ्यावर पण.

"मग न्हाय," ती म्हणाली. "रागाच्या हाताला देत न्हाय मी."

डबी तिने कमरेला खोचली. मी टांग्यात बसले.

त्याला चार वर्षं झाली. राग तसाच आहे, तिने तुकडा दिला असता तरी माझ्या हातून ठिणगी पडली नसती. काडेपेटी मात्र रोज माझ्या हातात पेटते, तिला कळत नाही कोण ओढतंय. ती दोन पानं अजून माझ्याकडे आहेत, घडीवर फाटलेली. त्यात होतं ते एवढंच आहे, आणि या वेळी मला कोणी विचारलेलं नाही. महादेवीने माझ्यासमोर तीन काड्या ओढल्या. पहिली मोडली. दुसरी खरखरली. तिसरी तिने पेटायच्या आत फेकली. एकही पेटली नाही.